आमची वाटचाल: 'प्रवेश सुरू'च्या फ्लेक्सपासून ताईंच्या फोनपर्यंत

आमचा धंदा मूळचा छपाईचा. मार्च उजाडला की बालवाड्या, प्लेग्रुप, नर्सरी यांचे 'प्रवेश सुरू'चे फ्लेक्स आणि घरोघरी टाकायची पत्रकं, डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या पत्रिका. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे काम एकदम थांबलं. ग्राहक तेच राहिले, पण शाळा आता फोनवर भरू लागली आणि त्यांचे प्रश्न बदलले. व्हिडिओत आवाज का येत नाही, पालकांकडे तो उघडत का नाही, रोज किती पाठवायचे. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा पालक फ्लेक्स वाचून नव्हे, फोनवर शाळेचं समाजमाध्यमांवरचं पान बघून चौकशीला येऊ लागले होते. आता छपाई नावापुरती उरली आहे. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या ताईंना समाजमाध्यमं कामासाठी कशी वापरायची हे आम्ही शिकवतो, आणि ज्या शाळांना हवं त्यांचं पान सांभाळतो.

या धंद्यात दर ठरतो पोस्टच्या संख्येवर: महिन्याला बारा पोस्ट, आठ रील, इतके पैसे. बालवाडीसाठी हा हिशेब आम्ही धरत नाही. वीस तारीख उलटली आणि आठच पोस्ट झाल्या असल्या, की उरलेल्या भरायला फोन वर्गात शिरतो. ठसेकाम रंगात आलेलं असतं आणि "इकडे बघ, पुन्हा कर" सुरू होतं. मुलाचा हात थांबतो. म्हणून आम्ही सत्राचे पैसे घेतो, जून ते दिवाळी आणि दिवाळीनंतर ते एप्रिल. त्यात ताईंचं प्रशिक्षण, संमतीपत्रं, ग्रुपची मांडणी आणि पानाची देखभाल येते. पोस्ट किती टाकायच्या ते शाळेने ठरवायचं. एखाद्या आठवड्यात एकही नसली तरी आमचं बिल बदलत नाही.

प्रशिक्षणाचा सगळ्यात मोठा भाग फोटोवर जातो. समजा मुलं ताटातला राजमा आणि चवळी निवडून दोन वाट्यांत टाकताहेत. बहुतेक पानांवर याचा फोटो असा दिसतो: सहा मुलं भिंतीला टेकून उभी, हातात वाट्या, सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे, खाली 'फन अ‍ॅक्टिव्हिटी'. मूल काय करत होतं ते यात कुठेच नाही. आम्ही सांगतो ते असं. आधी लेन्स ओढणीने पुसा, कारण फोटो धुरकट येतो तो बहुतेक वेळा बोटाच्या तेलानेच. जमिनीवर बसा, फोन मुलाच्या मनगटाच्या उंचीवर आणा, खिडकी एका बाजूला येऊ द्या. मुलाच्या मागे खिडकी असेल तर हात काळे पडतात. फ्लॅश बंद. चौकटीत ताट, दोन वाट्या आणि कोपरापर्यंतचे हात. तीन फोटो पुरतात: सुरू होण्याआधीचं ताट, मधले हात, शेवटच्या वाट्या.

मग मजकूर. चार वाक्यं: साहित्य काय, मुलाने काय केलं, त्यातून काय घडतं, घरी काय करता येईल. नमुना असा: "एका ताटात मूठभर राजमा, मूठभर चवळी. एकाने आधी सगळा राजमा वेचला, दुसरा हाताला येईल तो दाणा टाकत गेला; दोन्ही रीती बरोबर. अंगठा आणि तर्जनीची ही पकड पुढे पेन्सिल धरताना कामी येते. घरी मेथी निवडताना चार काड्या मुलाच्या पुढ्यात ठेवा." अशा कामाला पाचवं वाक्य सक्तीचं: तीन वर्षांखालच्या मुलांना दाणे देऊ नका, ते नाकात जातात, घशात अडकतात. पोस्ट बघून घरी करणाऱ्या आईला हे कोणी तोंडी सांगणार नसतं.

दुसरं वाक्य लिहायला ताईंना सगळ्यात जड जातं. 'मुलांनी खूप मजा केली' सहज येतं. अमक्याने वाटी उलटी धरून बघितली, तमका मध्येच मोजायला लागला, हे लिहायला फोटो काढताना नव्हे तर त्याआधी बघावं लागतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे की जी ताई फोटो काढते तिच्याकडे त्या वेळी मुलांची जबाबदारी नसते. वर्गात एकच ताई असेल आणि कात्री, पाणी किंवा उंचावर चढणं चालू असेल, तर फोटो नाही.

टाकण्याआधी चौकटीचे चारही कोपरे तपासायचे. गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव आणि पालकांचा नंबर, फळ्यावरची हजेरी, व्हॅनची नंबरप्लेट, मागच्या भिंतीवरचा 'सुटण्याची वेळ' असा कागद. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करायचं. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्यातली ठिकाणाची माहिती निघून जाते, पण स्पष्ट दिसावा म्हणून तोच 'डॉक्युमेंट' करून पाठवला की माहिती जशीच्या तशी जाते.

दोन प्रकारच्या रील आम्ही करून देत नाही, मग शाळा कितीही मोठी असो. पहिली, जूनच्या पहिल्या आठवड्यात दाराशी रडणाऱ्या मुलांची. ती तुफान चालते, हे खरं. पण आईपासून सुटताना घाबरलेलं मूल ही करमणूक नव्हे, आणि ज्या आईचं मूल पुढच्या वर्षी येणार आहे ती ते बघून काय ठरवेल याचाही विचार करावा. दुसरी, मोठ्यांच्या गाण्यावर मुलांना नाचवलेली.

आषाढीची दिंडी हा वर्षातला सगळ्यात अवघड दिवस. मीटरभर उंचीचे विठोबा-रखुमाई, टाळ, तुळशी, आणि फोटो सगळ्यांनाच हवे. वीस घरांची परवानगी असते, दोन घरांची नसते. त्या दोघांच्या चेहऱ्यावर इमोजी चिकटवण्याची पद्धत सर्रास आहे. तिने उलट तीच मुलं नजरेत भरतात. त्यापेक्षा मांडणी आदल्या दिवशी ठरवायची. सार्वजनिक पानासाठी पाठमोरी रांग, वर धरलेल्या पताका, जवळून टाळ वाजवणारे हात. चेहऱ्यासकट फोटो ज्याच्या त्याच्या पालकांना वेगळा. ज्या पालकांनी नाही म्हटलं त्यांच्या मुलांना दिंडीत मागे ढकलायचं नाही, कॅमेराच दुसरीकडे न्यायचा. पालक स्वतः जे शूटिंग करतात त्याबद्दल कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच माइकवर सांगायचं: आपल्या मुलाचा फोटो जरूर घ्या, त्यात दुसऱ्याचं मूल असेल तर तो स्टेटसला ठेवू नका.

संमतीपत्राचं काम आम्ही करतो तसं कमी ठिकाणी होतं. प्रवेशअर्जाच्या तळाशी 'फोटो वापरण्यास हरकत नाही' अशी बारीक ओळ असते, ती कोणी वाचत नाही आणि वाचली तरी नकार द्यायला जागा नसते. आमचं पत्रक वेगळं, एका पानाचं, मराठीत, चार स्वतंत्र प्रश्नांचं: शाळेच्या नोंदवहीत, वर्गाच्या पालकग्रुपवर, सार्वजनिक पानावर, आणि फ्लेक्स किंवा जाहिरातीत. प्रत्येकापुढे हो आणि नाही. खाली तारीख, संमती मागे घ्यायची असेल तर कोणाला सांगायचं, किती दिवसांत फोटो काढला जाईल, आणि पुढे फॉरवर्ड झालेला फोटो आमच्या हातात राहत नाही हे सरळ वाक्य. दर जूनला नवं पत्रक. कोणाची परवानगी आहे आणि कोणाची नाही याची यादी ताईंच्या कपाटाच्या दाराच्या आत चिकटवायची. मुलाच्या बिल्ल्यावर लाल ठिपका वगैरे लावायचा नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. मुलांच्या बाबतीत कमाल दंड 200 कोटी रुपये आहे. ही कमाल मर्यादा आहे, एवढा दंड बालवाडीला होण्याची शक्यता कमी, पण कागद आत्ताच नीट केलेला बरा. बालगृहातलं एखादं मूल तुमच्या वर्गात येत असेल, तर त्याची ओळख कुठेच उघड करायची नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 त्यासाठी आहे आणि तिथे पालकांच्या किंवा संस्थेच्या संमतीने सूट मिळत नाही.

आता व्हॉट्सॲप. बहुतेक शाळा अजून एका मोठ्या ग्रुपवर चालतात, आणि शुभ सकाळ, वाढदिवस, 'उद्या सुट्टी आहे का?' यात मूळ सूचना वाहून जाते. काहींनी ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण ज्या पालकाने शाळेचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला संदेश पोहोचतच नाही, आणि शाळेच्या फोनवर तो गेलेलाच दिसतो. 'तुम्ही कळवलंच नाही' या भांडणाचं मूळ बरेचदा इथे असतं. आम्ही कम्युनिटी लावून देतो, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र बांधायची व्हॉट्सॲपची सोय. वर सूचनांचा ग्रुप, तिथे फक्त ॲडमिन लिहितात आणि पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. खाली वर्गवार ग्रुप. यात मात्र नंबर दिसतात, ते आधी सांगायचं. वर्गाच्या ग्रुपवर ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी ही सेटिंग चालू केली की चॅट एक्स्पोर्ट होत नाही आणि फोटो आपोआप पालकांच्या गॅलरीत उतरत नाहीत. स्क्रीनशॉट कोणीही काढू शकतं, त्याला उपाय नाही.

नंबर शाळेचा हवा, ताईचा नको. साधा फोन, स्वतंत्र सिम, व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप, त्यात कामाच्या वेळा आणि वेळेबाहेर जाणारं ठरलेलं उत्तर: "तुमचा संदेश मिळाला. शाळेच्या वेळेत उत्तर देऊ. तातडीचं असेल तर फोन करा." हे नसेल तर रात्री अकराला 'डब्यात उद्या काय देऊ' येतं आणि ताई उत्तरही देते. फोन शाळेतच राहतो. ताई नोकरी सोडून गेली तर मुलांचे फोटो तिच्या खासगी गॅलरीत जात नाहीत, हा दुसरा फायदा.

ग्रुपवर कधीच न्यायच्या नाहीत अशा गोष्टींत चावणं पहिलं. दोन-अडीच वर्षांच्या वर्गात मुलं चावतात, बोलता येत नाही तेव्हा दात पुढे येतात. दुपारी आई दंडावरचा वळ बघते, फोटो काढते, ग्रुपवर टाकते: 'हे कोणी केलं?' अर्ध्या तासात पालकच नाव शोधून काढतात. हे टळतं ते एकाच रीतीने: मूल घरी पोहोचण्याआधी ताईने स्वतः फोन केलेला असला की. किती वाजता, कुठल्या कोपऱ्यात, कशावरून, त्यावर काय केलं (साबण-पाण्याने धुतलं, कातडी फाटली आहे की नाही), पुढे कशावर लक्ष ठेवणार. कोणी चावलं ते सांगायचं नाही. त्या दुसऱ्या घरालाही वेगळा फोन. तरीही ग्रुपवर पडलंच, तर ॲडमिनने संदेश काढायचा, एकच ओळ लिहायची, "यावर संबंधित पालकांशी फोनवर बोलत आहोत", आणि तासभर ग्रुप फक्त ॲडमिनपुरता करायचा.

इन्स्टाग्रामवर बिझनेस खातं घेतलं की बरीचशी चित्रपटगीतं वापरायला मिळत नाहीत. दुसरीकडून उचलून लावली तर आवाज बंद होऊ शकतो. त्यावर आमचा साधा तोडगा म्हणजे ताईचा स्वतःचा आवाज. तीस-चाळीस सेकंद, एक कृती, एक कारण. रील डाउनलोड आणि रीमिक्स (आपली रील घेऊन दुसऱ्याने स्वतःची बनवणं) सेटिंगमधून बंद. टॅग आणि मेन्शन मंजुरीशिवाय दिसू द्यायचे नाहीत. 'मुलांना हे दाखवा' असा व्हिडिओ आम्ही करत नाही: जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितला, त्यातही कमी तितकं चांगलं. तो वेळ आपणच खायचा नाही. व्हिडिओ आईबाबांसाठी, फोन बाजूला ठेवून करायची गोष्ट सांगणारा.

ताईंनी एकमेकींसाठी लिहिणं याचे आम्हाला पैसे मिळत नाहीत, तरी आम्ही ते रेटतो. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांनी नूतन बाल शिक्षण संघाच्या दिवसांत 'शिक्षणपत्रिके'तून शिक्षकांशी आणि पालकांशी संवाद ठेवला. त्या परंपरेच्या मानाने आजची पानं फार सजावटीची आहेत. एकसारखी वीस कागदी फुलपाखरं भिंतीवर लावलेला फोटो दुसऱ्या ताईला काहीच शिकवत नाही. चिकटकामात डिंक किती पातळ होता, कुठल्या मुलाला कागद फाडायला जमलं नाही आणि मग कापडाची चिंधी दिली का, हे लिहिलं की खाली खऱ्या प्रतिक्रिया येतात. त्यासाठी आम्ही पंधरवड्याला एक विषय देतो: पाण्याचा कोपरा, माती, गोष्ट सांगताना मध्येच उठणारी मुलं. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांना मात्र आधी आपापल्या कार्यालयाचे नियम बघा असं सांगतो. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाच्या 28 जुलै 2025 च्या निर्णयाने वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितली आहेत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमचं सगळ्यात कंटाळवाणं आणि म्हणूनच सगळ्यात जास्त टळणारं काम असतं. शाळा सोडून जाणाऱ्या मुलांचे सार्वजनिक फोटो काढायचे की ठेवायचे ते पालकांना एकदा विचारायचं. वर्गाचे ग्रुप बंद, सभासद बाहेर, शाळेच्या फोनमधले फोटो वर्षवार फोल्डरमध्ये हलवून फोनमधून पुसायचे. ड्राइव्हच्या लिंक 'ज्याच्याकडे लिंक त्याला दिसेल' अशा उघड्या राहिल्या असतील त्या बंद. पासवर्ड बदलायचे, दोन टप्प्यांची पडताळणी मुख्याध्यापिकेच्या नंबरावर आहे ना ते बघायचं, आणि ज्या ताई सोडून गेल्या त्यांना पानाच्या ॲडमिन यादीतून काढायचं. दोन वर्गांच्या शाळेला यासाठी एक पूर्ण दिवस लागतो, आणि तो आम्ही करारातच लिहून घेतो.