नापासांचं वाङ्मय

आमच्या अभ्यासिकेत भिंतीवर सुविचार चिकटवायला बंदी आहे. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हा तर दिसला की मी फाडतोच. पोरं मला अण्णा म्हणतात, ऐकत मात्र नाहीत. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवा कागद लावतंच. सोलापुरात अशोक चौकाकडून आत वळलं की जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ही स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. खाली एके काळी आमचेच माग होते. वर आता राज्यसेवावाले, कंबाइन्डवाले, पोलीस भरतीवाले, तलाठीवाले, सगळे एकाच पंख्याखाली बसतात. मीही तरुणपणी मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परत आलेला माणूस. त्यामुळे 'पायरी' वगैरे शब्द मला सहन होत नाहीत.

कागद फाडताना मला हमखास आठवतो तो पू सोंगलिंग. जन्म 1640, चीनच्या शानडोंग प्रांतात. मिंग राजवट कोसळून मांचूंची चिंग राजवट आली ती 1644 मध्ये, म्हणजे हा चार वर्षांचा असताना. 1658 मध्ये तो अधिकारी निवडायच्या सरकारी परीक्षांच्या पहिल्या पायरीला बसला आणि तालुका, जिल्हा, विभाग अशा तिन्ही ठिकाणी पहिला आला. आपल्या भाषेत, पूर्वचा टॉपर. पुढची परीक्षा प्रांताची, तीन वर्षांतून एकदा. ती त्याची कधीच निघाली नाही. सत्तरी ओलांडल्यावर, 1711 मध्ये, ज्येष्ठतेच्या हिशोबात एक मानाची पदवी हाती आली. त्यानंतर चार वर्षांनी तो वारला. मधली तीसेक वर्षं त्याने एका श्रीमंत घरात मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि रात्री भुताखेतांच्या, कोल्हे बायकांचं रूप घेण्याच्या गोष्टी लिहिल्या. जवळजवळ 500 गोष्टी. त्याच्या हयातीत त्या हस्तलिखितातच फिरत राहिल्या, छापल्या गेल्या 1766 मध्ये.

आणि गंमत अशी की या गोष्टी त्याने बाजारातल्या बोलीत लिहिलेल्या नाहीत. परीक्षेत जी जुनी अभिजात चिनी लिहावी लागायची, तीच इथेही. ज्या भाषेने त्याला पास होऊ दिलं नाही त्याच भाषेत त्याने कोल्हीणींना बोलायला लावलं.

त्याच्या एका गोष्टीच्या शेवटी उमेदवाराची सात रूपं दिली आहेत. परीक्षागृहात शिरताना अनवाणी आणि हातात टोपली, तेव्हा तो भिकारी. हजेरीला अधिकारी ओरडतात, शिपाई खेकसतात, तेव्हा कैदी. कोठडीत बसला की प्रत्येक भोकातून डोकं आणि पाय बाहेर आलेले, शरदाच्या अखेरीस गारठलेल्या मधमाश्यांसारखे. सुटला की पिंजऱ्यातून निघालेला आजारी पक्षी. निकालाच्या दिवसांत बांधून ठेवलेलं माकड, कशातच मन नाही. यादीत नाव नाही हे कळलं की विष खाल्लेली माशी, हलवलं तरी हलत नाही. मग शिव्याशाप, परीक्षक आंधळे आहेत, पुस्तकं जाळतो, डोंगरात जाऊन राहतो. थोडे दिवस जातात, राग उतरतो, हात शिवशिवायला लागतात, आणि अंडी फुटलेला पारवा पुन्हा एकेक काडी गोळा करू लागतो.

हे मी नव्या पोरांना वाचून दाखवत नाही. ज्यांची एखादी मुख्य होऊन गेली आहे त्यांनाच. ते हसतात, पण मधमाश्यांपर्यंतच. माकडापाशी शांतता पसरते.

कोठडी हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. नानजिंगच्या परीक्षागृहात अशा वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या, ओळीने. आत दोन फळ्या. दिवसा एकीवर बसायचं, दुसरीवर लिहायचं. रात्री दोन्ही एका पातळीत ठेवून त्यावर पाय दुमडून झोपायचं. शिधा स्वतःचा. उत्तरं काळ्या शाईत लिहायची, मग कारकून ती लाल शाईत जशीच्या तशी उतरवून काढायचे, म्हणजे परीक्षकाला अक्षर ओळखता येऊ नये. आपल्या उत्तरपत्रिकेवरच्या बारकोडचे हे खापरपणजोबा. इतकं करून उत्तीर्ण होणार शंभरात एखाद-दुसरा.

बरं, परीक्षकांवरचा राग. पू सोंगलिंगच्या दुसऱ्या एका गोष्टीत एक आंधळा साधू आहे, तो निबंध जाळून त्या राखेच्या वासावरून दर्जा सांगतो. एकाचा निबंध त्याला सुगंधी लागतो, दुसऱ्याच्या वासाने ठसका लागतो. निकाल लागतो तर ठसकेवाला पास, सुगंधवाला नापास. साधूचं म्हणणं एवढंच, की माझे डोळे गेलेत, नाक शाबूत आहे. या परीक्षकांचं नाकही गेलेलं दिसतं. ही गोष्ट दर आन्सर की नंतर माझ्याकडे मागून घेतली जाते.

मला स्वतःला त्याहून लागते ती ये नावाच्या उमेदवाराची. हुशार, नापास, आजारी. एक दयाळू अधिकारी त्याला सोबत नेतो, ये त्याच्या मुलाला शिकवतो, मुलगा धडाधड पास होत जातो. शेवटी ये स्वतःही प्रांताची परीक्षा काढतो आणि थाटात गावी परततो. अंगणात पाखडायचं सूप घेऊन आलेली बायको त्याला बघून सूप टाकून पळते. तुम्ही तर कधीच गेलात, पैसे नाहीत म्हणून शवपेटी अजून घरातच आहे. तो आत जातो, पेटी बघतो आणि तिथेच नाहीसा होतो. जमिनीवर नुसते कपडे उरतात. आपण मेलोय हे त्याला अभ्यासाच्या नादात कळलंच नव्हतं.

पू सोंगलिंगच्या पुढची पिढी वू जिंगझीची, 1701 ते 1754. खात्यापित्या घरचा, पैसा उडवून नानजिंगला आला, पुढे दरबारच्या एका खास परीक्षेसाठी शिफारस झाली तर आजाराचं कारण सांगून गेला नाही. त्याने पंडितांच्या जगावर अख्खी कादंबरी लिहिली, 'रुलिन वाइशी'. तिच्यातला फान जिन वीसहून जास्त वेळा बसलेला, वय 54, घरात खायला दाणा नाही, सासरा खाटीक, तो येता-जाता जावयाला शिव्या घालतो. आणि फान जिन पास होतो. बातमी वाचून टाळ्या पिटत, चिखलात लोळत गावभर धावतो, वेडच लागतं. उपाय काय, तर ज्याला तो घाबरतो त्याने एक थोबाडीत द्यावी. सासरा आता कचरतो. पास झालेला जावई म्हणजे आभाळातला तारा, त्याला मारलं तर पाप लागेल. शेवटी दारूचे दोन पेले घेऊन हिंमत करतो. जावई शुद्धीवर येतो, पण सासऱ्याचा हात दुखायला लागतो, बोटं वळेनात, आणि तो औषधाची पट्टी मागतो. ही थोबाडीत मी कितीदा वाचली असेल! पोस्ट मिळाल्यावर गल्लीतल्या ज्या लोकांची भाषा रातोरात बदलते, त्या सगळ्यांचे हात असेच दुखावेत असं मला फार वाटतं.

आता यावरून कुणी म्हणेल, बघा, नापास झाले म्हणून लेखक झाले, पुन्हा तीच पायरी. नाही. नापास लाखो झाले. पहिल्या पायरीवर अडकलेले पदवीधरच चिंग काळात कोणत्याही वेळी सुमारे पाच लाख असत, आणि तीही न चढलेले कितीतरी जास्त. त्यातले लेखक हाताच्या बोटांवर. शिवाय युआन मेइसारखा माणूस 1739 मध्ये ऐन तारुण्यात सर्वोच्च परीक्षा पास झाला, काही वर्षं नोकरी केली, मग राजीनामा देऊन बागेत बसून कविता आणि स्वयंपाकावर लिहीत राहिला. पास होऊनही लिहिता येतं. 

माझं म्हणणं वेगळं आहे. त्या काळाचं साहित्य घडवलं ते अपयशाने नव्हे, तयारीने. राज्याला हवे होते थोडे अधिकारी, आणि त्यासाठी त्याने लाखोंना लिहायला शिकवलं. परीक्षेचा तो कुप्रसिद्ध आठ अंगांचा निबंध घ्या. विषय कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ग्रंथांतलं एखादं वाक्य, आणि उत्तर त्या ऋषीच्याच तोंडून बोलल्यासारखं लिहायचं. दुसऱ्याच्या तोंडून बोलायची सवय वर्षानुवर्षं हाताला लागली की तो हात नाटक लिहू शकतो, कादंबरी लिहू शकतो. निबंधाचं हे नाटकाशी असलेलं नातं चिंग काळातल्या टीकाकारांच्याही लक्षात आलं होतं. जिन शेंगतान याने तर त्याआधीच, मिंग काळाच्या अखेरीस, 1641 मध्ये एका दरोडेखोरांच्या कादंबरीवर टीपा लिहिल्या त्या थेट आदर्श उत्तरपत्रिकेवर लिहितात तशा: इथे धागा सोडलाय बघा, इथे पुन्हा उचललाय बघा.

छापखान्यांचंही तसंच. सुझोउचा फंग मंगलोंग, 1574 ते 1646, याने 1620च्या दशकात बोलीतल्या कथांचे तीन संग्रह काढले, प्रत्येकात 40 कथा. वेश्या, तेलविके, सावकार, सगळे त्यात आहेत. हाच माणूस परीक्षेसाठी अभिजात ग्रंथांवर गाईडंही लिहायचा. नवी पेठेत पुस्तकाच्या दुकानात गाईडांच्या थप्पीमागे एखादी कादंबरी दडलेली असते ना, तिथे दोन्हीचा लेखक एकच. त्याला स्वतःला अधिकारपद मिळालं ते साठीच्या घरात, फुजियानमधल्या एका डोंगराळ तालुक्यात.

सोलापुरात चीन म्हटलं की लोक डॉक्टर कोटणीसांवर येतात, आणि ते योग्यच आहे. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. मी मात्र चीनमध्ये शिरलो तो मागाच्या दारातून. 'लाल महालातलं स्वप्न' ही कादंबरी लिहिणाऱ्या त्साव श्वेचिनचं घराणं विणकामाच्या खात्यातलं. नानजिंग, सुझोउ, हांगझोउ इथे बादशहाचे रेशीम कारखाने होते, आणि नानजिंगच्या कारखान्याचा कारभार त्याच्या पणजोबांपासून 1663 ते 1728 या काळात बहुतेक याच घरात राहिला. आजोबा त्साव यिन यांनी चार वेळा कांगशी बादशहाचा मुक्काम घरी सांभाळला. थांग काळातल्या 48 हजारांहून जास्त कवितांचा महासंग्रह छापून घेण्याचं कामही त्यांच्याच देखरेखीखाली झालं. पाहुणचार आणि खात्यातली तूट यांत घर बुडालं, बादशहा बदलला, जप्ती आली. नातू बेजिंगच्या पश्चिमेला कांजी खाऊन आणि उधार दारू पिऊन कादंबरी लिहीत बसला.

नानजिंगच्या किनखापाच्या मागावर दोन माणसं लागतात. एक खाली बसून विणतो, दुसरा वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढतो. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या वाचनात लक्ष घालते झाले. आमच्या चादरीच्या जेकार्डवर वरच्या माणसाचं काम भोकं पाडलेले पुठ्ठे करायचे. मग मी त्यांना बावन्नावं प्रकरण आमच्या घरातल्या तेलुगूत सांगितलं. मोराच्या पिसांच्या धाग्याने विणलेल्या झग्याला निखाऱ्याचं भोक पडतं, शहरातले शिंपी-विणकर हात लावायला तयार नाहीत, आणि तापाने फणफणलेली छिंगवन नावाची दासी रात्रभर बसून ते रफू करते. आतून बांबूचं छोटं कडं बसवते, भोकाच्या कडा खरवडून सैल करते, आधी उभे-आडवे धागे टाकते, मग नक्षी भरते. दोन टाके घालते, बघते, उशीवर डोकं टेकते, पुन्हा उठते. वडील म्हणाले, हा लेखक कारखान्यात वाढलेला असणार, नुसतं वाचून हे येत नाही. एवढी अचूक समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

या कादंबरीचा नायक परीक्षार्थींना सरकारी पगार कुरतडणारे किडे म्हणतो. पण 1791 मध्ये ती छापली गेली तेव्हा 80 प्रकरणांची 120 झाली होती, आणि शेवटच्या भागात तोच नायक परीक्षा पास होतो, मग संन्यास घेतो. ती छापणाऱ्या दोघांपैकी गाओ अ याने 1795 मध्ये स्वतः सर्वोच्च परीक्षा काढली. शेवटची 40 प्रकरणं कुणाची यावर अजून भांडणं चालू आहेत. मला विचाराल तर तो पास झालेला नायक मला पटत नाही, पण संन्यास पटतो.

बायकांना या परीक्षेला बसताच येत नव्हतं. हांगझोउची चेन दुआनशेंग, जन्म 1751, हिने अठराव्या वर्षाच्या सुमारास एक लांबलचक गेय कथा लिहायला घेतली. तिची नायिका मंग लिजून पुरुषाच्या वेषात परीक्षेला बसते, देशात पहिली येते, पंतप्रधान होते. तिचा बाप, तिचा होणारा नवरा, सगळे तिच्यापुढे वाकतात. 16 खंड झाले आणि लेखणी थांबली. लग्न झालं. 1780 मध्ये नवरा परीक्षेतल्या कॉपीच्या प्रकरणात अडकून पार शिनजियांगला हद्दपार झाला. मग तिने आणखी एकच खंड लिहिला. त्यात मंग लिजूनला दारू पाजतात, बूट काढून बांधलेली पावलं उघडी पाडतात, आणि ती रक्त ओकते. तिथेच चेनने सोडलं.

1950च्या दशकात चेन यिनक नावाच्या मोठ्या इतिहासकाराने, दृष्टी गेलेली असताना, हे काव्य दुसऱ्यांकडून वाचून घेऊन त्यावर लिहिलं आणि तिच्या स्वतंत्र बुद्धीचं कौतुक केलं.

ही कथा मी चहाच्या वेळी सांगितली तेव्हा विडी घरकुलातून येणारी, सध्या मुख्यची तयारी करणारी मुलगी म्हणाली, "अण्णा, मग पुढं काय झालं तिचं?" मी सांगितलं, नंतर लियांग दशेंग नावाच्या दुसऱ्या बाईने आणखी तीन खंड लिहून तिचं लग्न लावून दिलं. "म्हणजे देशात पहिली येऊन शेवटी लग्नच?" असं म्हणून ती कप धुवायला गेली, आणि मुलांमध्ये वाद पेटला की चेनने तिला पंतप्रधान ठेवलं असतं की नाही. साडेसहा झाले तरी कुणी जागेवर जाईना. मी दिवे घालवतो म्हणून धमकी दिली.