‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत’ : डिस्चार्जच्या दिवशीचा माझा अनुभव

माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाईंना न्यूमोनियासाठी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात दाखल केले होते. उपचार चांगले झाले, मेडिक्लेमची मंजुरीही वेळेत आली. आम्ही अडकलो ते डिस्चार्ज कार्डावरील एका ओळीपाशी. नव्या औषधांच्या यादीखाली ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत’ एवढेच लिहिले होते.

घरी फॅमिली डॉक्टरांची रक्तदाबाची टेल्मिसार्टन, गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेली वेदनाशामक डायक्लोफिनॅक आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम अशा गोळ्या होत्या. नव्या यादीत टेल्मिसार्टन व अॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची दोन औषधे एकत्र असलेली दुसऱ्या कंपनीची गोळी होती. नाव निराळे असल्यामुळे, ती ओळ शब्दशः पाळली असती तर टेल्मिसार्टन दोनदा पोटात गेले असते. शिवाय क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले असताना, टेल्मिसार्टनच्या जोडीने डायक्लोफिनॅक घेणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. बिलिंगवाले म्हणाले, वॉर्डात विचारा. वॉर्डातील रेसिडेंट म्हणाले, मोठे डॉक्टर राउंडला आल्यावर पाहू. औषधाच्या दुकानात उत्तर मिळाले की, कार्डावर आहे तेच आम्ही देतो. मधल्या वेळात खाट रिकामी करण्याचा तगादा सुरूच होता. ज्या घरी औषधे देणारे माणूसही सत्तरीपुढचे असेल, त्यांनी ही ओळ कशी उलगडायची, या विचाराने मला आजही संताप येतो.

मार्ग काढला तो वॉर्डच्या वरिष्ठ सिस्टरांनी. त्यांनी घरच्या साऱ्या स्ट्रिप्स मागवल्या, प्रत्येकीवरील मूळ औषधाचे नाव व मात्रा नव्या यादीशी ताडून पाहिली आणि डॉक्टरांना फोन करून प्रत्येक गोळीपुढे ‘चालू’, ‘बंद’ किंवा ‘बदल’ असे लिहून त्यांची सही घेतली. जुनी टेल्मिसार्टन आणि डायक्लोफिनॅक बंद झाली. अल्प्राझोलाममुळे वृद्धांना तोल जाणे व गोंधळणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून अमेरिकन जेरिअॅट्रिक्स सोसायटीचे बिअर्स निकषही (वृद्धांनी शक्यतो टाळायच्या औषधांची यादी) अशी औषधे टाळण्यास सांगतात. मात्र ते एकदम थांबवायचे नसते, म्हणून ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे वेळापत्रक आम्ही मागून घेतले.

म्हणून दाखल होतानाच साऱ्या स्ट्रिप्स, चूर्णे आणि डोळ्यांचे थेंबसुद्धा पिशवीत घालून न्यावेत. गिळायला त्रास होत असल्यास कोणती गोळी कुटू नये, हेही तेव्हाच विचारावे. सासूबाईंची पॅन्टोप्राझोल ही आम्लपित्ताची गोळी विशिष्ट आवरणाची, न कुटण्याजोगी असल्यामुळे आम्हाला तिचा पर्याय लिहून घ्यावा लागला.