ड्रुइड्सचा दुसरा गिअर अखेर बसला. आता रेशोचा नवा डाव

पहिली रेस झाली. गाडी शेवटपर्यंत धावली, नाक आणि सस्पेन्शन शाबूत, डॅमेज डिपॉझिट परत. निकाल तळाकडचाच आहे. मागे नवख्याचा पिवळा चौकोन आणि त्यावर काळी फुली लावून ग्रिडवर उभ्या राहिलेल्या गाडीकडून कुणी वेगळी अपेक्षाही केली नव्हती. खरी बातमी अशी की इंग्लंडातल्या ब्रँड्स हॅचच्या इंडी ट्रॅकवर ड्रुइड्स या वळणाच्या आधी तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात येताना होणारी ती खरखर थांबली. या लेखमालेच्या मागच्या भागात सीटचा फोम आणि खांद्याचे पट्टे यांवर इतकं लिहिलं, ते चुकीचं नव्हतं, पण दुखणं तिथे नव्हतंच.

गाडी तीच, भाड्याची फॉर्म्युला फोर्ड १६००, एका माणसाची छोटी रेसगाडी. फोर्डचं केंट इंजिन, वेबर ३२/३६ कार्बोरेटर, हूलंडचा चार गिअरचा डॉगबॉक्स, म्हणजे डॉग नावाच्या जाड दातांनी गिअर अडकवणारा डबा. लीव्हर उजव्या हाताला. सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, विंग नाही, चूक झाकणारं काहीच नाही.

अडचण नेमकी कुठे होती ते आधी. पॅडॉक हिल बेंडमधून तिसऱ्यात खाली उतरायचं आणि लगेच चढावर ड्रुइड्स. चढ असल्यामुळे ब्रेकचं अंतर फसवं छोटं आहे: गाडी पटकन मंदावते, आरपीएमही पटकन पडतात, म्हणजे गिअर घालायला वेळ कमी. त्यात तिसऱ्यातून दुसरा म्हणजे गेटमधून तिरका प्रवास, वर-उजवीकडून खाली-डावीकडे. आणि वळण उजवं. उजवा हात लीव्हरवर अडकला तर स्टिअरिंग एकट्या डाव्या हातात, तेही वळायच्या क्षणी. म्हणून गिअर वळण सुरू व्हायच्या आत बसलाच पाहिजे. भारतात किंवा इंग्लंडात रस्त्यावरची गाडी चालवणाऱ्याचा गिअर डाव्या हाताचा, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना वाटतं की हाताची सवय मोडली की झालं. तसं नाही. चौथ्यातून तिसरा पहिल्यापासून बिनबोभाट पडत होता, हात तोच असून.

लॉगरचा (गाडीतल्या नोंदयंत्राचा) आरपीएम ग्राफ बघितला तेव्हा उलगडा व्हायला लागला. चांगल्या डाउनशिफ्टला रेघ ब्रेकखाली उतरत येते, एक पायरी वर चढते आणि नव्या पातळीवरून पुन्हा सरळ उतरते. आमच्या दुसऱ्या गिअरला मात्र आधी सुळका, मग खोल दरी, मग खालून वर ओढल्यासारखी उसळी दिसायची. सुळका म्हणजे ब्लिप, थ्रॉटलचा क्षणभराचा झटका. म्हणजे ब्लिप होत होता, जोरातही होता, पण डॉग भेटेपर्यंत वाया गेलेला असायचा. शेवटची उसळी म्हणजे क्लच सोडल्यावर मागची चाकं इंजिनाला फरफटत वर नेत होती. त्याच वेळी गाडीचा मागचा भाग हलायचा. आम्ही तो बराच काळ ब्रेक बॅलन्सच्या (पुढच्या-मागच्या ब्रेकमधल्या वाटणीच्या) खात्यात टाकत होतो.

कारण समजून घ्यायचं तर डब्यात डोकं घालावं लागतं. डॉगबॉक्समध्ये गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. सरकते ती डॉग रिंग. रिंग चाकांच्या वेगाने फिरते, दुसऱ्या गिअरचं चक्र इनपुट शाफ्टच्या वेगाने. तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर त्या चक्राचा वेग वाढायला हवा. आमच्या रेशोंवर (गिअरच्या जोड्यांच्या प्रमाणांवर) साधारण सव्वापट. ४८०० ला तिसरा सोडला तर दुसऱ्यात ६०००. आता क्लच तळापर्यंत दाबून धरला तर इंजिन आणि इनपुट शाफ्ट यांचा संबंध तुटतो. मग कितीही ब्लिप करा, इंजिन ओरडतं, पण शाफ्ट तेलाच्या ओढीने मंदच होत जातो. डॉगचं तोंड डॉगच्या तोंडावर आपटतं, लीव्हर परत फेकला जातो, घाबरून हात हळू होतो, आणि हळू हात हा डॉगचा सगळ्यात मोठा शत्रू. चौथ्यातून तिसऱ्याला रेशोतला फरक कमी, लीव्हरचा मार्ग सरळ, म्हणून तीच पद्धत तिथे खपून जात होती.

क्लच अजिबात न वापरणं हा एक मार्ग. बरेच जुने खेळाडू तेच करतात: ब्रेकखाली छोटा ब्लिप दिला की डॉगवरचा भार क्षणभर सुटतो, तिसरा निघतो, त्याच ब्लिपने चक्र वेगात येतं आणि दुसरा आत जातो. पण आमच्या भाडेकरारात डाउनशिफ्टला क्लच सक्तीचा आहे आणि लॉगर टीमच्या हातात असतो. तेव्हा मधला रस्ता: क्लचला फक्त हलका ठोका, तळापर्यंत नाही. भार सुटण्यापुरता दाबायचा आणि लीव्हर न्यूट्रलमधून जात असतानाच पाय वर यायला लागला पाहिजे, म्हणजे ब्लिप शाफ्टपर्यंत पोचतो.

हे सांगायला सोपं. दोनशे मीटरच्या आत एवढी कामं असताना डावा पाय तळ गाठतोच, वर्षानुवर्षांची सवय. म्हणून पायाला शिकवायच्या भानगडीत न पडता क्लच पेडलचा स्टॉप वर घेतला. गाडी स्टँडवर, पहिला गिअर घालून एकाने मागची दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरवायची, दुसऱ्याने पेडल हळूहळू दाबायचं. चाकं मोकळी फिरायला लागली त्या जागेच्या किंचित पुढे स्टॉप आणून लॉकनट आवळायचा. अगदी त्याच जागी ठेवू नका: क्लच तापल्यावर सुटण्याची जागा सरकते आणि मग ग्रिडवर गाडी पुढे रांगते.

दुसरा निम्मा दोष उजव्या पायाकडे. पिटमध्ये उभ्या गाडीत हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक आणि थ्रॉटल) झकास जमतं, कारण ब्रेक हलका दाबलेला असतो. ट्रॅकवर पूर्ण जोर दिल्यावर ब्रेक पेडल इतकं खाली जायचं की थ्रॉटल त्याच्याही वर राहायचा, मग ब्लिपसाठी पाय फिरवला की ब्रेकवरचा दाब ढिला व्हायचा. ब्रेक पेडल उंच करायचं तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही मास्टर सिलिंडरचे पुशरॉड सारखेच फिरवावे लागतात, नाहीतर दोघांत जोर वाटणाऱ्या बॅलन्स बारची जागा बिघडते. आणि थोडा मोकळेपणा ठेवला नाही तर ब्रेक धरून राहतात. टीमला ते नको होतं, आणि बरोबरच होतं. त्याऐवजी थ्रॉटल पेडल पुढे ढकललं: मागचा स्टॉप आत, केबल तेवढी जुळवून. पूर्ण जोराने दाबलेला ब्रेक थ्रॉटलपेक्षा दीड सेंटिमीटर वर राहील इतकं. टाच फिरवायची गरज राहिली नाही, पाऊल नुसतं उजवीकडे कलंडलं की पुरतं.

इथे एक खोडा आला. पेडल हलवल्यावर सरळ रस्त्यावर चौथ्यात आरपीएम कमी दिसायला लागले. आधी इंधन पंप तपासला, मग प्लग. शेवटी एअर फिल्टर काढून बघितलं तर पेडल टेकलं तरी कार्बोरेटरमधल्या हवेच्या झडपा, म्हणजे बटरफ्लाय, पूर्ण उघडत नव्हते. थ्रॉटलला हात लावलात की सीटवरच्या माणसाने रेसचे बूट घालून पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने कार्बोरेटरच्या तोंडातून दोन्ही बटरफ्लाय उभे होतात का ते बघायचं. हाताने दाबून केलेली तपासणी धरायची नाही.

बुटांवरून आठवलं: कार्टिंगचे रुंद, जाड तळव्याचे बूट या पेडल बॉक्समध्ये निरुपयोगी. पातळ तळव्याचे, अरुंद घ्या, दिसायला कसेही असोत. हेल्मेटवर पैसे घाला, सूटच्या रंगावर नको.

गिअर लिंकेजचाही वाटा होता, थोडासा. लीव्हरपासून डब्यापर्यंतच्या दांड्याला जे युनिव्हर्सल जॉइंट असतात ते झिजले की लीव्हरला खेळ येतो आणि तिरक्या प्रवासात दुसऱ्याऐवजी चौथ्याच्या तोंडाशी हात जातो. इंजिन बंद, लीव्हर बोटांनी हलवायचा, दुसऱ्याने डब्याकडचा शाफ्ट कधी हलतो ते बघायचं. आमच्याकडे एक जॉइंट बदलला गेला आणि गेट एकदम स्पष्ट लागायला लागला.

हे सगळं होईपर्यंत डॉग रिंगचं नुकसान व्हायचं ते झालंच होतं. ड्रुइड्समधून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की दुसरा निसटायचा. मागचं झाकण काढून रिंग बाहेर घेतली तेव्हा दातांचे कोपरे पॉलिश केल्यासारखे चकाकत होते आणि बोट फिरवलं तर धार कुठेच लागत नव्हती. कोपरा गोल झाला की भाराखाली दात धरून राहण्याऐवजी एकमेकांना बाहेर ढकलतात, आणि मग कितीही नीट गिअर घाला, टिकत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लेप असणं नेहमीचं आहे. तांदळाच्या कणीएवढे तुकडे सापडले तर डबा उघडल्याशिवाय पुढे जायचं नाही. रिंगचे पैसे भाडेकऱ्याच्या खात्यावर. म्हणून भाडं ठरवताना चार गोष्टी लेखी घ्या: गिअरबॉक्सची झीज कुणाची, ओव्हर-रेव्हची (इंजिन प्रमाणाबाहेर फिरवण्याची) मर्यादा किती, टायर नवे की वापरलेले, आणि अपघातात जास्तीत जास्त किती भरावं लागेल. सगळ्यात स्वस्त भाव सांगणारे बहुतेक वेळा पहिल्या मुद्द्यावर गुळमुळीत बोलतात.

ओव्हर-रेव्हबद्दल एक. आरपीएमची हद्द राखणारा लिमिटर स्पार्क तोडतो, चाकांना थांबवत नाही. तिसऱ्यात ५६०० ला दुसरा घातला तर सरळ ७०००. त्याहून वर केंटचे व्हॉल्व्ह आणि पुशरॉड यांचा भरवसा धरू नका, आणि लॉगरमध्ये तो आकडा राहतोच.

रेसबद्दल थोडक्यात. क्वालिफायिंगमध्ये आधी तीन लॅप पूर्ण करून रेसला पात्र व्हायचं, वेळेचं मग बघू, हे ठरवलं ते योग्यच ठरलं. वेगवान मंडळी इथे ५० सेकंदांच्या आसपास फिरतात. त्यांच्याशी तुलना नको, आरशात दिसली की रेषा न बदलता जाऊ द्यायचं. एव्हन एसीबी-१० टायरचा गरम दाब टीमने १८-१९ पीएसआय धरला होता, तो रेसभर तसाच राहिला. रेसच्या ग्राफवर ड्रुइड्सच्या पायऱ्या एकाखाली एक लावल्या तर उत्तरार्धातल्या जवळपास एकमेकींवर बसतात. ट्रॉफीपेक्षा हा कागद फ्रेम करण्यासारखा आहे.

पुढे मॅलरी पार्क हा ट्रॅक ठरला होता. हे लिहिता लिहिता मात्र विचार बदलतो आहे. ड्रुइड्स तिसऱ्यातच घेतला तर? आपल्या रेशोंवर एपेक्सला (वळणाच्या आतल्या टोकाला) ३२०० च्या आसपास उरतात, केंट तिथून नुसता कण्हतो. तिसरा आखूड (त्याच वेगाला जास्त आरपीएम देणारा) केला तर क्लिअरवेज या वळणाला लिमिटर लागेल. कोरड्यात नाही जमणार. पावसात मात्र हाच डाव, चाक घसरणार नाही आणि एक शिफ्ट वाचेल.

मग उलट करायचं: दुसरा लांब घ्यायचा. १.७० ऐवजी १.५९ च्या जवळची जोडी मिळाली तर तिसऱ्या-दुसऱ्यातला फरक सव्वापटीवरून १.१८ वर येतो. ५६०० ला शिफ्ट केला तरी ६६००, म्हणजे चुकायला जागा. एपेक्सला ४००० ऐवजी ३७५०, ते चालेल. तोटा स्टार्टला, पहिला-दुसरा यांत खड्डा पडेल. हूलंडची मजा हीच की मागचं झाकण उघडून एकच जोडी पॅडॉकमध्येसुद्धा (ट्रॅकमागच्या गाड्यांच्या आवारात) बदलता येते. पण हाच लांब दुसरा मॅलरीच्या शॉज हेअरपिनला मारक, तिथे आखूडच हवा. तेव्हा मॅलरी तूर्त बाजूला, पुन्हा ब्रँड्सचा टेस्ट डे. टीमकडे त्या रेशोची जोडी आहे का आणि बदलायची मजुरी किती, एवढं विचारून ठेवलं आहे. कुणी हूलंडच्या एलडी २०० डब्यावर लांब दुसऱ्याने इंडी चालवला असेल तर स्टार्टला पहिला कुठपर्यंत खेचता ते कळवा, आकड्यासकट.