आमच्या शाळेची आरएसपी आणि उसाचे ट्रॅक्टर

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, दुपदरी रस्त्याला लागून आहे. वस्त्या सगळ्या रस्त्याच्या पलीकडे, त्यामुळे निम्मी मुलं रोज दोनदा रस्ता ओलांडतात. मी इथे गणित शिकवते. दर जूनमध्ये परिपाठाला आम्ही "रस्ता बघून ओलांडा रे" एवढं सांगायचो.

मागच्या वर्षी जुलैत पाचवीतला एक मुलगा दुचाकीखाली आला. पाय मोडला, दीड महिना घरी होता. परत आला तेव्हा फाटकापाशी नुसता उभा राहायचा, कुणी हात धरल्याशिवाय डांबरावर पाऊल टाकायचा नाही. दप्तराचा पट्टा दोन्ही मुठींत घट्ट आवळलेला असायचा. ते मला बघवेना. त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांकडे आरएसपी सुरू करायची परवानगी मागितली.

आरएसपी म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल, मुलांना रस्ता ओलांडायला मदत करणारं मुलांचंच रस्ता सुरक्षा दल. मुंबई-पुण्याकडच्या कितीतरी शाळांत ते आहे. आठवी-नववीची मुलं, गळ्यात शिटी, वाहतूक पोलिसांकडून प्रशिक्षण. आमच्याकडे ते कुणी पाहिलेलं नव्हतं. सर म्हणाले, "करा, पण पोरांना काही झालं तर?" हाच प्रश्न पुढे प्रत्येक दारात भेटला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. पोलीस ठाण्याला पत्र दिलं, तिथून आठवड्याभरात होकार आला. झेब्रा पट्टे आणि गतिरोधकासाठी मात्र तीन कार्यालयं फिरले. प्रत्येक ठिकाणी "हा रस्ता आमच्याकडे येत नाही" हेच ऐकलं. चौथ्या खेपेला पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्ष सोबत आले, जागेचे फोटो आणि अपघाताची नोंद जोडली, तेव्हा अर्जावर आवक क्रमांक पडला. कुणी हे करणार असाल तर अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

पालकसभा जड गेली. एक आजोबा उठून म्हणाले, "बाई, पोरगं शाळंत शिकायला धाडलंय, गाड्या अडवायला न्हाय." त्यांचं चुकत नव्हतं. त्या सभेला आलेले हवालदारसाहेब सरळ बोलले. मुलं रस्त्यात उतरणार नाहीत, याची हमी त्यांनी दिली. मग पालकांनाही सुनावलं, की अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडी दिलीत तर २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद पालकाला आहे, २०१९ पासून कायदा तसा आहे. सभा संपली तेव्हा ९ संमतिपत्रं हातात आली. पुढच्या पंधरा दिवसांत घरोघरी जाऊन ती १६ झाली. त्या आजोबांची नात सोळावी.

जागा ठरवायची वेळ आली तेव्हा माझा विषय कामाला आला. नववीच्या वर्गाला वेग-अंतर-काळाची उदाहरणं सोडवायचीच होती, ती आम्ही रस्त्याच्या कडेला बसून सोडवली. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे येते. आमच्या फाटकातून गावाच्या उलट बाजूला वळण आहे, तिथून गाडी दिसते ती जेमतेम ८० मीटरवर. म्हणजे दिसल्यापासून हाताशी ६ सेकंदही नाहीत. आणि दप्तर घेतलेलं पाचवीचं पोर साईडपट्टीपासून साईडपट्टीपर्यंत जायला ८ सेकंद घेतं. मुलींनी स्टॉपवॉच लावून वीस वेळा मोजलं. पाटीवर ते दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले आणि वर्ग गप्प झाला. इतकी वर्षं आम्ही मुलांना "दोन्हीकडे बघा" सांगत होतो. तो मुलगा बघूनच निघाला असणार. बघूनही पुरलं नसतं, अशी ती जागा होती.

म्हणून ओलांडायची जागा फाटकापासून ११० पावलं गावाकडे, पिठाच्या गिरणीसमोर नेली. तिथून दोन्हीकडचा रस्ता २०० मीटर मोकळा दिसतो, म्हणजे त्याच वेगाला १४ सेकंद. वीस मुलं, चार-चारच्या पाच रांगा, रमतगमत न करता १२ सेकंदांत पलीकडे जातात. दोन सेकंद उरतात. शाळेचं मागचं फाटक उघडलं, म्हणजे मुलं आतल्या आतच गिरणीपाशी निघतात. जास्तीच्या ११० पावलांसाठी दहावीची मुलं महिनाभर कुरकुरली.

हवालदारसाहेबांनी चार शनिवार शिकवलं. पुढून येणारं वाहन थांबवायचा इशारा, मागून येणारं थांबवायचा, शिटी किती लांब फुंकायची. रस्सीखेचीची जुनी दोरी आम्ही अर्धी केली. दोन्ही कडांना दोन-दोन मुलं ती कमरेच्या उंचीवर धरतात, मागे बाकीची थांबतात. रस्ता मोकळा झाला किंवा गाड्या थांबल्या, की मी किंवा शिपाईमामा लाल पाटी घेऊन मधे उभं राहायचं, शिटी झाली की दोरी खाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली. झेब्रा पट्टे तोवर मिळाले नव्हते, चुन्याच्या फक्कीने मुलांनीच आखले.

पहिले तीन आठवडे छान गेले. दुचाकीवाले थांबायचे, वडापवाले, म्हणजे प्रवासी जीपवाले, हात करायचे. तशी झेब्रा पट्ट्यावर पायी माणसाला वाट द्यायची हा वाहनचालकाला नियमच आहे, पण आमच्या रस्त्यावर तो पाळला जाताना मी पहिल्यांदा बघत होते. मुलांची मान ताठ झाली. आणि तिथेच गफलत झाली.

डिसेंबरात साखर कारखाने भरात असतात. संध्याकाळी पाचला शाळा सुटते तेव्हाच भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. एका मंगळवारी मी अजून अलीकडेच होते. आठवीतला आमचा सगळ्यात चुणचुणीत मुलगा दोरी सोडून दोन पावलं डांबरावर उतरला, आणि शिकवलेला इशारा त्याने अगदी बिनचूक केला. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला. मुंडकं थांबलं, मागची ट्रॉली आडवी सरकत आली. उसाच्या मोळ्या धडाधड साईडपट्टीवर कोसळल्या. मुलापासून चार-पाच हातांवर. कुणाला खरचटलंही नाही, पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

ड्रायव्हर पंचविशीचाच असेल. खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. ओरडला नाही. म्हणाला, "बाई, ट्रॅक्टर थांबतोय वो, मागच्या ट्रॉल्या थांबत न्हाईत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शिकागोत १९२० च्या सुमारास शाळकरी मुलांची अशी पथकं निघाली, त्यांच्याबद्दल मी सुरुवातीलाच वाचलं होतं. तिथला नियम असा, की पथकातल्या मुलाने मुलांना थांबवायचं, गाड्यांना नाही. मी तो वाचून पुढे गेले होते, कारण इशारे करणारी मुलं रुबाबदार दिसत होती. दुसऱ्या दिवशी सोळाही जणांना बसवलं आणि माझी चूक आहे हे आधी सांगितलं. गाड्यांचे इशारे बंद. शिट्या काढून घेतल्या, तेव्हा दोघं रडली. मी म्हटलं, तुमची नजर आता गाडीवर नको, दोरीमागच्या पायांवर हवी. कुठलं पोर पुढे झुकतंय, कुणाचा मित्र पलीकडून हाका मारतोय, ते बघा. आणि ट्रॅक्टर दिसला की लाल पाटी वर होणार नाही. तो आधी जाऊ द्यायचा, मागे कितीही गर्दी होवो.

कारखान्याच्या शेती गटाच्या ऑफिसात मी त्याच मुलाला घेऊन गेले. त्याने तिथे उभं राहून घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःचं काय चुकलं तेही. त्यांनी चिटबॉयमार्फत, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसामार्फत, ऊसतोड टोळ्यांना निरोप दिला, की पाच ते साडेपाच गिरणीपासून सावकाश. निम्मे ट्रॅक्टरवाले पाळायचे. तो पंचविशीतला ड्रायव्हर मात्र वळणापासूनच वेग कमी करायचा आणि जाताना दोरी धरणाऱ्यांना हात करायचा.

मार्चमध्ये हंगाम संपला. झेब्रा पट्टे एप्रिलमध्ये मिळाले, पांढरेशुभ्र, गिरणीसमोर, आम्ही चुन्याने आखले होते तिथेच. गतिरोधकाचा अर्ज अजून पडून आहे, तिसरं स्मरणपत्र दिलंय. पाय मोडलेला मुलगा आता सहावीत जाईल. आरएसपीत यायला आठवी लागते हे त्याला ठाऊक आहे, तरी त्याने नाव दिलंय. मी यादीत शेवटी लिहून ठेवलंय.

सोमवारी शाळा उघडते. दोरी धुवून वाळत घातलीय, मधे एका जागी विरली होती तिथे शिपाईमामांनी नवी गाठ मारली.