अडतीस दिवसांचा कंटेनर

फेब्रुवारी 2024. सकाळचे साडेअकरा, म्हणजे हॉलंडात सात. माझ्या फोनवर एकामागून एक अकरा फोटो आले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतच्या आमच्या पॅकहाऊसमधून गेलेला थॉमसन द्राक्षांचा पहिला कंटेनर तिकडे नुकताच उघडला होता. फोटो मोठा करून पाहिला आणि पोटात गोळा आला. मणी टणक होते, पण देठ तपकिरी पडले होते.

युरोपातलं गिऱ्हाईक आधी देठ बघतं. न्हावाशेवाहून सुएझमार्गे रॉटरडॅमला तीन-साडेतीन आठवडे, हा हिशोब धरूनच आमची तोडणी ठरते, सुपरमार्केटला दिलेली तारीखही त्यावरच. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि शिपिंग लाइन्सनी आफ्रिकेचा वळसा धरला. आमचा कंटेनर 38 व्या दिवशी उघडला. आत सुमारे 13 टन माल, चार शेतकऱ्यांचा.

निर्यातीच्या कागदपत्रांचं काम मी चौदा वर्षं करते. आपली द्राक्षं गोड म्हणून जगात विकली जातात, असं लोक समजतात. गोड द्राक्षं चिलीतही होतात. दक्षिण गोलार्धातला माल ओसरू लागतो आणि इजिप्तचा अजून यायचा असतो, त्या फटीत आमची गोडी छाटणीची, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमाराला फळासाठी छाटलेल्या बागांची द्राक्षं नेमकी बसतात. वर आग्रा रोड दाराशी, रात्री कसारा उतरलं की सकाळी बंदर. या जागेच्या जोरावर इथल्या लहान कंपन्या परदेशात गेल्या. वळशाचे पंधरा दिवस थेट त्या फटीतूनच कापले जात होते.

मी आमच्या आयातदाराला फोन लावला. नऊ वर्षांचे संबंध. 2010 मध्ये लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांवरून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हापासून तिकडचे लोक नव्या माणसाशी जपूनच बोलतात. याच्याशी विश्वास जुळायला आम्हाला तीन हंगाम लागले होते. प्रत्येक प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधांच्या अवशेषांची तपासणी, माल निघण्याआधी त्याच्या हातात, कमी-जास्त असेल तर आम्हीच आधी सांगायचं. तो म्हणाला, “माल वाईट नाही, पण त्या सुपरमार्केटला चालणार नाही. दुपारपर्यंत निवडायला लावतो.”

दुपारपर्यंत! हे शक्य होतं ते बारेंड्रेख्तमुळे. रॉटरडॅमच्या दक्षिणेला लागून असलेलं हे गाव मी 2019 साली पाहिलंय. आयातदार, शीतगृहं, माल पुन्हा पॅक करणारे, तपासणीवाले, सगळे शेजारी शेजारी. एकाकडे लोक कमी पडले तर पलीकडच्या गोदामातून येतात. तिथं उभी असताना मला आमचं पिंपळगाव आठवलं होतं, क्रेट बनवणाऱ्यापासून रीफरचा, म्हणजे थंड कंटेनरचा, प्लग दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळे हाकेच्या अंतरावर.

एक वाजता तात्यांचा फोन आला. ते शेजारच्या पॅकहाऊसचे मालक, आमचे स्पर्धक. त्यांचा कंटेनर त्याच जहाजावर होता. पण त्यांनी यंदा चार पैसे जास्त मिळतात म्हणून दूर आतल्या शहरातला नवा खरेदीदार धरला होता. “ताई, तो म्हणतोय माल उचलत नाही. जवळ निवडून देणारंही कोणी नाही. ओळखीचं कोणी आहे का गं?” आवाज घोगरा झालेला.

मी दादांकडे पाहिलं. आमच्या मालकांनी क्षणभरही घेतला नाही. 2021 मध्ये आमचं प्री-कूलिंग, म्हणजे तोडलेला माल गार करायची खोली, ऐन हंगामात बंद पडलं, तेव्हा तात्यांनी आपली एक खोली पाच दिवस रिकामी करून दिली होती. मी पुन्हा हॉलंडला फोन लावला. “यांचा माल मी पाहिलेला नाही,” तो म्हणाला. “मी पाहिलाय,” मी म्हणाले. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “ट्रक इकडे वळवायला सांग.”

संध्याकाळी हिशोब आला. आमचा बराचसा माल घाऊक बाजारात, कमी दरानं, पण विकला गेला. तात्यांच्या मालाला आमच्याहूनही कमी मिळालं. वाहतूक कापून त्यांच्या शेतकऱ्यांना औषधांचा खर्च निघेल इतकंच. त्या शेतकऱ्यांतला एक माझ्या माहेरच्या गावचा आहे. त्याला काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

साडेसहाला दादा आणि मी दिंडोरी रस्त्यावरच्या बागेत गेलो. उद्या तोडणी ठरलेली होती. दादांनी बॅटरीच्या उजेडात एक घड उचलला, देठ नखानं दाबून पाहिला, कोवळा लागला. पुढच्या ओळीत, मग त्याच्या पुढच्या. “हा प्लॉट युरोपला नको,” ते म्हणाले. “दुबईला जाईल. तिकडे पलीकडच्या मळ्यातला जाड देठाचा बघू.” मी तिथंच बांधावर उभं राहून तात्यांना फोन केला, त्यांचीही उद्याची तोडणी थांबवायला.