कोळसा, पोलाद आणि सामाईक सत्ता

शेजारी राज्यांचे वैर म्हणजे काय, हे इंदूरच्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १८०१ साली होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. १९४८ मध्ये हीच दोन संस्थाने मध्यभारतात एकत्र आली खरी, परंतु ते विलीनीकरण होते. युरोपीय संघात मात्र राष्ट्रे कायम राहिली आणि तरीही त्यांनी आपल्या अधिकाराचा काही भाग स्वेच्छेने सामाईक केला, म्हणून तो प्रयोग मला अधिक विलक्षण वाटतो.

९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमान यांनी फ्रान्स व पश्चिम जर्मनीचे कोळसा आणि पोलाद यांचे उत्पादन एका सामाईक मंडळाच्या हाती सोपवण्याचा प्रस्ताव मांडला. तोफा ज्या पोलादाच्या घडतात आणि ते पोलाद ज्या कोळशावर तयार होते, त्या दोहोंवर एकट्या राष्ट्राचा ताबा राहिला नाही, तर युद्धाची तयारी करणेच अशक्य होईल, असा त्यामागचा विचार होता. १९५१ मध्ये सहा देशांनी करारावर सह्या केल्या, तेव्हा जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरल्याला अवघी ११ वर्षे झाली होती!

मला सर्वांत मोलाची वाटते ती या करारातून पुढे घडलेल्या युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची अट. ग्रीस १९८१ मध्ये आणि स्पेन व पोर्तुगाल १९८६ मध्ये आत आले, ते हुकूमशाही संपून लोकशाही रुजल्यानंतरच. मानवी प्रतिष्ठा, स्वातंत्र्य, समता, कायद्याचे राज्य ही मूल्ये संघाच्या कराराच्या दुसऱ्या कलमात नोंदवलेली आहेत, आणि परक्या देशातील न्यायालय स्वतंत्र नसेल तर व्यापाऱ्याने तेथे भांडवल कोणत्या भरवशावर गुंतवावे, हा प्रश्न विचारला की बाजारपेठही याच मूल्यांवर उभी आहे हे पटते.

सामाईक चलन आले, पण सामाईक कोषागार आले नाही, आणि त्याची झळ २०१० नंतर ग्रीसच्या सामान्य नागरिकांना बसली. त्याहून गंभीर उणीव मला सातव्या कलमात दिसते. एखादे सरकार मूल्ये सातत्याने पायदळी तुडवत आहे असे ठरवून त्याचा मताधिकार स्थगित करायचा, तर आधी इतर सर्व सदस्यदेशांचे एकमत लागते, म्हणजे एका मित्रराष्ट्राचा नकारही त्या सरकारला वाचवू शकतो. येथे एकमताऐवजी मोठे बहुमत पुरेसे मानावे, असे माझे ठाम मत आहे. अर्थात करारातील हा बदलही सर्व २७ देशांना मान्य व्हावा लागेल, आणि त्यासाठीचे जनमत प्रत्येक देशात स्वतंत्रपणे घडवावे लागेल.