‘बुऱ्हाणपूरची वाट’ अपडेट ५: डाइस गेले, चिंचोके आले

मंडळी, मागचा अपडेट दिवाळीच्या आधी टाकला होता आणि त्यात छाती ठोकून लिहिलं होतं की डिसेंबरात पुस्तक हातात. जानेवारी अर्धा संपला आणि माझ्या हातात सध्या एक प्रूफ, एक डबाभर घासलेले चिंचोके आणि उजव्या अंगठ्याला सोललेली कातडी एवढंच आहे. पण काम हललंय, खरंच हललंय, म्हणून सगळं सांगतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आमचं प्रकाशन म्हणजे अमळनेरात मी, डिझाइन बघणारा मामेभाऊ आणि हिशेब बघणारी बायको, जी स्वतःला अर्धीच धरते कारण तिला पगार नाही (आम्हालाही नाही). पुस्तक म्हणजे एक रोलप्लेइंग गेम, खेळाडूंनी एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट खेळायची. गोष्ट आहे १६४१ सालातली. सुरतेहून निघालेला मालाचा तांडा नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा करत बुऱ्हाणपूरला पोचवायचा, बस. १६३० ते ३२ चा तो भयंकर दुष्काळ होऊन दहाएक वर्षं झालीत, गावं पुरती उभी राहिलेली नाहीत, आणि खेळाडू म्हणजे वाटाड्या, बैलांचा धनी, सराफाचा मुनीम, भगत वगैरे. ड्रॅगन नाही. एका जणाने मागच्या वेळी विचारलं होतं म्हणून परत सांगतो, ड्रॅगन नाहीच.

आता डाइसचं, म्हणजे खेळातल्या फाशांचं. मूळ प्लॅन होता की पुस्तकाबरोबर छोट्या कापडी पिशवीत वीस बाजूंचा एक आणि सहा बाजूंचे दोन डाइस द्यायचे. इकडे अमळनेर-चोपड्यात वीस बाजूंचा डाइस कोणाकडे असणार, आमच्या ग्रुपात मिळून तीन आहेत आणि त्यातला एक मांजराने कुठेतरी लोटला. मग सीए मित्राकडे बसलो आणि त्याने एका चहात सगळी हवा काढली. नुसतं छापील पुस्तक विकलंस तर जीएसटी शून्य, आणि फक्त करमाफ मालच विकत असशील तर तुला नोंदणीसुद्धा लागत नाही. पण त्यात डाइस टाकून एका किमतीत पॅक विकलास की तो मिश्र पुरवठा, मग पॅकमधल्या ज्या वस्तूचा दर सगळ्यात जास्त तो अख्ख्या पॅकला. वर करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा म्हणलं की उलाढाल कितीही असो नोंदणी करावीच लागते, आणि आमच्या प्रीऑर्डर बडोदा, इंदूर, हैदराबाद अशा आल्यात ना. बायकोने तिथल्या तिथे निकाल दिला की दर महिन्याला रिटर्न ती भरणार नाही. विषय संपला.

सुरुवातीला मी चिडलोच होतो, डाइस नाही तर रोलप्लेइंग गेम कसला. घरी येऊन आजीच्या खाटेवर बसलो, आजी चिंच फोडत होती, आणि समोर सुपात चिंचोक्यांचा ढीग. आता तुम्ही म्हणाल रचून सांगतोय, पण आमच्याकडे घरोघरी चिंच फोडतात हो, सीझनमध्ये दहा घरांपैकी पाच घरांत हेच दृश्य दिसेल. लहानपणी पटावर हेच टाकून खेळायचो, एक बाजू दगडावर घासून पांढरी केलेली आणि दुसरी तशीच तपकिरी. पाच चिंचोके टाकायचे, पांढरे किती आले ते मोजायचे.

तर नवीन नियम असा: काहीही धोक्याचं करायचं असेल तर पाच चिंचोके टाका. तीन किंवा जास्त पांढरे आले तर जमलं. पाचही पांढरे म्हणजे काहीतरी जास्तीचं चांगलं. पाचही काळे म्हणजे धाड पडली. (तपकिरीला आम्ही काळंच म्हणतो.) पुस्तकात चिंचोके देणारच नाही, तिसऱ्या पानावर ते कसे घासायचे हे चित्रासकट दिलंय, म्हणजे विकतोय ते नुसतं पुस्तकच.

इथे गणितवाल्यांसाठी थांबतो. चिंचोका नाण्यासारखा असता, म्हणजे अर्ध्या वेळा पांढरा अर्ध्या वेळा काळा, तर तीन किंवा जास्त पांढरे यायची शक्यता बरोबर ५० टक्के आणि पाचही काळे ३२ वेळा टाकल्यावर एकदा. पण चिंचोका नाणं नाही. मी आणि मामेभावाने सतरंजीवर पाच चिंचोके १०० वेळा टाकले, वहीत रेघा मारत, आणि ५०० पैकी २९० पांढरे आले. म्हणजे आमचा चिंचोका ५८ टक्के पांढरा आहे. यावरून हिशेब केला तर जमण्याची शक्यता जाते जवळपास ६५ टक्क्यांवर, पाचही पांढरे १५ वेळांत एकदा, आणि धाड पडते ती ७६-७७ वेळांत एकदा. मला हे फारच आवडलं. एका रात्रीच्या खेळात साधारण चाळीस वेळा चिंचोके टाकले जातात, म्हणजे धाड दर दुसऱ्या रात्री कधीतरी पडणार, आणि पडेपर्यंत सगळे तिची वाट बघत बसणार. वीस बाजूंच्या डाइसवर प्रत्येक आकडा ५ टक्के, तिथे १ आकडा इतक्यांदा येतो की त्याची भीतीच मरते.

अर्थात तुमचा चिंचोका वेगळा पडेल. कमी घासला, जास्त घासला, फरशीवर टाकला की गादीवर, सगळ्याने फरक पडतो. एका टेस्टरने तक्रार केली की मग गेम बॅलन्स्ड कसा. मी म्हणलं नाहीये बॅलन्स्ड, ज्याचे चिंचोके त्याचं नशीब, आणि हे पुस्तकात तसंच छापलंय.

मग प्लेटेस्ट, म्हणजे छापण्याआधी गेम खेळून बघणं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मामाच्या शेतावर भरीत पार्टी होती, पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, बडगीत ठेचली, कळण्याच्या भाकरी, आणि जेवणं झाल्यावर सहा जणांना पकडून बसवलं. त्यातल्या चौघांनी आयुष्यात असला गेम बघितलेला नव्हता. मला मुद्दाम असेच लोक हवे होते, कारण जुने खेळाडू नियमात भोक असलं तरी आपल्या डोक्याने बुजवून घेतात आणि लेखकाला पत्ताच लागत नाही.

नियम होता की बैलावर ठरल्यापेक्षा एक ओझं जास्त लादलं की एक चिंचोका कमी टाकायचा. कागदावर काय सुंदर वाटत होतं! झालं काय, नंदुरबारला पोचल्या पोचल्या सगळ्यांनी जास्तीचा माल मिळेल त्या भावाने फुंकला आणि पुढचा सगळा प्रवास रिकाम्या बैलांनी, आरामात, गप्पा मारत. लोभ हाच या गेमचा जीव आणि तो नंदुरबारलाच मेला. घरी येऊन हिशेब केला तेव्हा कळलं, पाचाचे चार चिंचोके झाले आणि तरीही तीनच पांढरे लागणार असतील तर शक्यता ६५ वरून थेट ४४ टक्क्यांवर येते. एका गोणीसाठी एवढं कोण सोसेल, मी पण विकला असता.

आता असं केलंय की चिंचोके कायम पाचच. जास्तीचं ओझं असेल आणि टाकण्यात दोन किंवा कमी पांढरे आले तर त्या बैलाच्या नावापुढे ओझ्यागणिक एक दमणूक, पाच दमणुका झाल्या की बैल बसतो. धोका तेवढाच आहे, पण तो लगेच अंगावर येत नाही, हळूहळू साचतो, आणि माणूस स्वतःला सांगत राहतो की अजून एक मुक्काम निघेल. दुसऱ्या टेस्टला एकानेही माल विकला नाही आणि थाळनेरला तापी उतरताना चारपैकी तीन बैल पाण्यातच बसले. काय आरडाओरडा झाला! आजी तोपर्यंत नुसती बघत होती, आधी तर “हाई काय शे रे? एवढा मोठा व्हयनात नि चिंचोका खेळी राह्यनात?” म्हणून हसत होती. मग मध्येच एका भाच्याचा बैल तिने चालवायला घेतला, तो पण पाण्यात बसला आणि वाहून गेला, तर माझ्याकडे बघून “मना बैल कसाले मरी गया?” (माझा बैल कशाला मेला?) असं जे विचारलं, मला उत्तर देता येईना. नियमात होतं म्हणून गेला, हे काय उत्तर झालं? तेव्हापासून दमून बसलेल्या बैलाला खांदा लावून उठवता येतं, पण त्यासाठी एक गोणी नदीत सोडावी लागते. हा नियम आजीचा आहे, श्रेयनामावलीत तिचं नाव टाकतोय.

थाळनेरचा सीन नीट लिहिता यावा म्हणून मी आणि मामेभाऊ गाडीवरून जाऊनही आलो. नंदुरबार तापीच्या दक्षिणेला आणि थाळनेर उत्तर काठावर, त्यामुळे या वाटेवर नदी ओलांडायचा मोठा प्रसंग तिथेच येतो. थाळनेर म्हणजे खानदेशच्या फारुकी सुलतानांची सुरुवातीची राजधानी, आता किल्ल्याची ढासळलेली माती आणि त्यांचे हजिरे (थडगी) उरलेत. नदीची कड इतकी उंच आणि मातीची की वरून बघतानाच बैल खाली कसे उतरवले असतील याचा विचार येतो. तिथे उभं राहून मी अर्ध्या पानाचं वर्णन खोडलं आणि “कड उंच आहे, माती सुटते, बैल मागे सरतात” एवढंच ठेवलं. सूत्रधाराला (खेळात गोष्ट पुढे नेणाऱ्याला) वाचून दाखवायला तेवढं पुरतं.

आणखी एक गंमत, ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने गेला होता आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो असं लिहून गेलाय. गेममध्ये तो तांदूळ सगळ्यात हलका आणि सगळ्यात महाग माल आहे. पण त्याच्या वासाने रात्री कोण कोण मुक्कामावर येईल ते सूत्रधाराने ठरवायचं.

आता छपाईकडे येतो, तिथे माझी चूक जास्त आहे. मी सगळं पुस्तक ए५ मध्ये लावलं होतं कारण बाहेरचे सगळे झीनवाले (छोट्या हौशी पुस्तिका काढणारे) ए५ करतात. जळगावच्या प्रेसवाल्या काकांनी फाईल बघितली आणि म्हणाले, “काय भो, कागद काय इंग्लंडातून आणू का?” आपल्याकडे ऑफसेटला कागद येतो २३ बाय ३६ इंचाचा, त्याचे सोळा तुकडे केले की एक तुकडा पावणेसहा बाय नऊ. ए५ ची रुंदी ५.८३ इंच. बसतच नाही, कटिंगला जागा सोडायची तर गोष्टच नको. मराठी पुस्तकं डेमीत (त्या तुकड्यात बसणाऱ्या आकारात) का असतात हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. मग सगळं परत डेमीत लावलं, रुंदी ८ मिलीमीटरने कमी झाली आणि माझे सगळे तक्ते फुटले. पानं ६२ होती, सोळा पानी चार फर्मे म्हणजे ६४, उरलेल्या दोन पानांवर कापून घेता येईल असं कॅरेक्टर शीट (खेळाडूने आपल्या पात्राची नोंद ठेवायचं पान) टाकलं. कोणीच पुस्तक कापणार नाही, झेरॉक्सच काढतील, माहितीये.

आणि मग ते प्रूफ. डीटीपीवाल्याने माझा युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधून काढून त्याच्या जुन्या फाँटात घेतला, त्याचं काम त्यातच चालतं, माझी काही तक्रार नाही. पण कव्हरवर मोठ्या अक्षरात आलं ‘बुर्हाणपूरची वाट’. ऱ्ह चा डोक्यावरचा रफार झाला. आत उघडलं तर गोऱ्हा, चऱ्हाट, पऱ्हाटी, व्यापाऱ्याला, किनाऱ्यावर, सगळीकडे तेच. बैलांचा गेम आणि गोऱ्हाच चुकलेला! दोन दिवस बसून इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर (देवनागरी अक्षरं नीट जुळवणारी सोय) चालू करून, तिरो देवनागरी मराठी हा फुकट फाँट घेऊन सगळं मीच परत लावलं. या फाँटात आपला ल आणि श आपल्यासारखे आहेत, हिंदीसारखे नाहीत, त्यामुळे पान बघितल्यावर घरचं वाटतं. तुम्ही कोणी मराठीत गेम काढत असाल तर ‘ऱ्’ सर्च करून एकेक शब्द प्रूफावर बघा, स्क्रीनवर बघून उपयोग नाही.

बाकी भराभर. आवृत्ती ३०० प्रतींची, सेंटर पिन. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मिळाला, आपल्याकडे तो सरकारकडून फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका. लायसन्सचं विचारत होतात: २०२३ च्या जानेवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्स या मोठ्या रोलप्लेइंग गेमच्या ओजीएलवरून (त्याचे नियम इतरांनी वापरायच्या परवान्यावरून) झालेला राडा आठवत असेलच, शेवटी त्यांच्या कंपनीने एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा मजकूर) क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल असं सोडलं. आपल्याला त्यातलं काहीच लागत नाही, चिंचोक्यांची सिस्टिम आपली आहे. आणि नियमाच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच, लिहिलेल्या मजकुरावर असतो, तेव्हा तुम्हीही चिंचोके खुशाल वापरा, फक्त माझी वाक्यं उचलू नका.

टपाल मात्र परत मोजावं लागलं. माझं जुनं गणित रजिस्टर पोस्टाचं होतं आणि ते २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळलं. वजन पाकिटासकट ११५ ग्रॅमच्या आसपास भरतंय. एक नमुना पाकीट घेऊन काउंटरवर गेलो तर तिथल्या ताईंनी विचारलं आत काय आहे, मी म्हणलं गेम, त्या म्हणाल्या मग पुस्तक का लिहिलंय, मी म्हणलं पुस्तकच आहे, त्या म्हणाल्या मग खेळायचं काय. मागे रांग होती म्हणून थोडक्यात आवरलं, नाहीतर एक प्रीऑर्डर तिथेच झाली असती.

दुसरं प्रूफ गुरुवारी येतंय. त्याच्यानंतरच्या रविवारी चोपड्याला एका मित्राच्या गच्चीवर शेवटची टेस्ट, नंदुरबार ते थाळनेर एवढाच टप्पा, पाच जागा आहेत, दोन गेल्यात. चिंचोके आपापले आणा, आणि घरच्या नवीन फरशीवर घासू नका, ओरखडे पडतात. आमच्या ओट्यावर पडलेत आणि ते अजून आईला दिसलेले नाहीत.